उदगीरच्या लढाईतला हत्ती



इ. स. १७६० च्या फेब्रुवारीची ३ तारीख. उदगीर आणि औसा यांच्या मुलखात सदाशिवरावभाऊंच्या फौजेने निजामाच्या फौजेला गाठले. निजामाला धारूरकडे सरकायचे होते. मराठ्यांनी वाट अडविली, चोहोंकडून कोंडी केली, आणि निजामाला तह करावा लागला. दौलताबाद, बऱ्हाणपूर ही ठाणी मराठ्यांकडे आली. पण वर्ष पुरे व्हायच्या आत, १४ जानेवारी १७६१ रोजी, पानिपत झाले आणि त्या दुःखाखाली ही लढाई झाकून गेली. लातूर-नांदेडच्या मुलांना पानिपत ठाऊक असते, उदगीर मात्र तारखेपुरते. ते डोळ्यांपुढे कसे उभे करावे?

एक उपाय आहे. लढाई टेबलावर मांडावी. हा खेळ काही पोरखेळ नव्हे. प्रशियाच्या राइसवित्स नावाच्या गृहस्थाने १८१२ साली असा युद्धपट राजापुढे मांडला, आणि १८२४ पासून त्याच्या मुलाने सुधारलेला पट तिथल्या लष्करी अधिकाऱ्यांच्या शिक्षणात आला. इंग्रज लेखक एच. जी. वेल्स याने १९१३ साली खेळण्यांतल्या सैनिकांच्या लढाईचे नियम पुस्तकरूपाने छापले. आपला बुद्धिबळाचा पट तर त्याहून कितीतरी जुना.

अशा पटावर स्वार, प्यादे, तोफा आल्याच. पण मुलांची नजर खिळते ती अंबारीच्या हत्तीवर. फुटाला अर्धा इंच हे प्रमाण धरले, तर साडेपाच फुटी माणूस पावणेतीन इंचांचा होतो आणि नऊ फुटी हत्ती साडेचार इंचांचा. त्यावर अंबारी. एवढे मोठे चित्र एका साच्यातून निघत नाही. धडाचे दोन भाग, चार पाय, सोंड, कान, सुळे, अंबारीचे खांब असे सुटे तुकडे येतात. ते बहुधा रेझिनचे असतात. हे तुकडे कसे जोडावेत आणि वाकडे झालेले सरळ कसे करावेत, एवढेच आज सांगावयाचे आहे.

रेझिन म्हणजे एका परीने कारखान्यात केलेली राळच. पण फरक ध्यानात घ्या. बांगडीवाल्याची लाख तापविली की वितळते, थंड झाली की घट्ट होते, पुन्हा तापविली की पुन्हा वितळते. रेझिनचे तसे नाही. दोन पातळ द्रव मिसळून साच्यात ओततात आणि ते कायमचे घट्ट होतात. दह्याचे पुन्हा दूध होत नाही, तसे. उष्णतेने ते मऊ पडते, पण वितळत नाही. आणि जाळावर धरले तर जळते.

पहिले काम धुण्याचे. तुकडा साच्यातून सुटावा म्हणून साच्याला तेलकट हात दिलेला असतो. तो थर राहिला तर ना गोंद धरतो, ना रंग. कोमट पाणी, साबण आणि जुना दातांचा ब्रश घेऊन तुकडे घासावेत व सावलीत वाळवावेत.

मग एकेक तुकडा सपाट फरशीवर ठेवून बघा. अंबारीचा खांब धनुष्यासारखा वाकलेला असेल, एखादा पाय तिरका असेल. मग काय करायचं? जोर लावून सरळ करू नका, कडकन मोडेल. बैलगाडीच्या चाकाला लोहार धाव कशी बसवितो? तापवून बसवितो आणि लगेच पाणी ओततो. इथेही क्रम तोच, फक्त विस्तवाऐवजी गरम पाणी. पाणी हात घालवणार नाही इतके गरम हवे, उकळते मात्र नको. तुकडा मिनिटभर बुडवून चिमट्याने काढा. पुष्कळदा तो आपणहून सरळ होऊ लागतो, कारण ऊब मिळाली की तो साच्यातल्या मूळ आकाराकडे वळतो. राहिलेला बाक बोटांनी हलकेच काढा, तसाच धरून ठेवा आणि थंड पाण्यात बुडवा. एका खेपेत न जमले तर दुसरी खेप करा. सोंड थोडी अधिक उचलावयाची असेल, तर तीही ह्याच रीतीने वळते.

ओतकामाचे देठ बारीक करवतीने कापावेत आणि जागा पाण्याच्या पॉलिश पेपरने ओली ठेवूनच घासावी. हे फार महत्त्वाचे आहे, बरं का! रेझिनची कोरडी धूळ छातीला वाईट. घासणाऱ्याने तोंडाला मास्क बांधावा, आणि हे काम व गरम पाण्याचे काम गुरुजींनी स्वतः करावे, लहान मुलांकडे देऊ नये. स्वयंपाकाचे भांडे यासाठी वापरू नये.

गोंद लावण्याआधी सगळा हत्ती कोरडाच जुळवून पाहावा. चारी पाय जमिनीला टेकतात का? फट कुठे राहते? जड भागांना नुसत्या गोंदाचा भरवसा नाही. सुतार चौकटीच्या सांध्यात खुंटी मारतो, तशी इथे तारेची खुंटी घालावी. एका बाजूला हातड्रिलने बारीक भोक पाडा, त्याच्या कडेला ओल्या कुंकवाचे बोट लावा आणि दोन्ही भाग जुळवून दाबा. समोर खूण उमटते. तिथे दुसरे भोक. कुंकू पुसून टाका आणि मग तार बसवा.

शेतकरी बंधू म्हणतील, पाइपलाइनचे सोल्युशन घरात आहेच की! ते चालणार नाही. ते पी.व्ही.सी.चा पृष्ठभाग विरघळवून सांधा करते. रेझिन त्याने विरघळत नाही. लहान तुकड्यांना झटपट चिकटणारा गोंद पुरे, पण त्याचा सांधा धक्क्याने तुटतो आणि बोटेही एकमेकांना चिकटतात. पाय आणि धड यांना दोन नळ्यांतला, मिसळून लावावयाचा गोंद वापरावा व तो रात्रभर हलवू नये. फटी एम-सीलने भरून ओल्या बोटाने सारख्या कराव्यात. हातात पातळ मोजे असावेत.

आणखी एक आपल्या हवामानाची गोष्ट. वैशाखात पत्र्याच्या शाळेत उन्हाचा ताव किती असतो, हे तुम्हांला सांगायला नको. बंद पेटीत, झळईत ठेवलेला हत्ती आपल्याच वजनाने गुडघ्यांत वाकेल. तो भिंतीच्या गारव्याला, सावलीत ठेवावा. वाकलाच तर टाकून देऊ नका. गरम पाण्याची रीत आता तुम्हांला ठाऊक आहे.

हत्ती उभा राहिला की पटावर काळी माती पसरा, उदगीर, औसा आणि धारूर यांच्या जागा खुणेने मांडा, आणि मुलांना विचारा : निजामाच्या जागी तुम्ही असता तर कोणत्या वाटेने निघाला असता? तोफा संगती घेऊन रोज किती मजल मारली असती? वाट अडली असती तर पाणी आणि वैरण कुठून आणली असती? ह्या प्रश्नांची उत्तरे शोधताना मुले नकाशा उघडतील, घरच्या जाणत्यांना जुन्या वाटा विचारतील, आणि शाळेसमोरून जाणारा रस्ता त्यांना निराळा दिसू लागेल.