दिवाळीत वस्तीवरच्या कुत्र्याची काळजी
(शेतकरी मेळाव्यात दिलेल्या व्याख्यानावरून)



रब्बीच्या मेळाव्यात हा माणूस कुत्र्यावर काय बोलणार, असे आपल्याला वाटले असेल. मी कृषिविद्या शिकवतो, पशुवैद्य नाही. परंतु दिवाळी आणि हरभऱ्यातील उंदरांचा बंदोबस्त ही दोन्ही कामे बहुधा एकाच पंधरवड्यात येतात, आणि या दोहोंच्या मध्ये सापडून आमच्या वस्तीवरचा मोत्या गेला. चूक माझी होती, म्हणून हा विषय मी मागून घेतला.

सुट्टीत घरी गेलो होतो. नुकत्याच पेरलेल्या हरभऱ्यात उंदरांनी बियाणे उकरले होते. संध्याकाळी मी झिंक फॉस्फाईडचे आमिष बिळांत टाकले. अंधार पडू लागल्याने बिळांची तोंडे बुजवली नाहीत, आणि उरलेले आमिष कागदात गुंडाळून बांधावर ठेवले. रात्री मुलांनी फटाके लावले. मोत्या दावे तोडून शेतात पळाला. पहाटे तो बांधाजवळ तडफडताना सापडला. घरातल्या माणसांनी घाईने त्याला दूध पाजले. डॉक्टर येईपर्यंत तो गेला होता.

यात काय चुकले ते नीट पाहू. झिंक फॉस्फाईडचे आमिष धान्याचा भरडा आणि गोडेतेल घालून करतात. तेलाचा वास उंदराला ओढतो, तसाच कुत्र्यालाही ओढतो. पोटातील आम्लाशी संयोग झाला की या औषधापासून फॉस्फीन हा विषारी वायू तयार होतो. पोटात अन्न गेले की आम्ल सुटते, म्हणून अशा वेळी दूध, तेल, भाकरी काहीही देऊ नये. उलटी झाली तर तिच्यावर वाकून पाहू नये, कारण तो वायू माणसालाही बाधतो. कुत्र्याला मोकळ्या हवेत ठेवावे, औषधाचे पाकीट बरोबर घ्यावे आणि तडक दवाखाना गाठावा. या विषावर खास उतारा नाही, तेव्हा वेळ महत्त्वाची.

ब्रोमॅडिओलोनची गोष्ट निराळी. त्याने रक्त गोठत नाही, आणि लक्षणे काही दिवसांनी दिसतात. कुत्रा मलूल झाला, हिरड्या पांढुरक्या दिसू लागल्या की आपल्याला आमिषाची आठवणही राहिलेली नसते. मात्र यावर व्हिटॅमिन के-१ हा उतारा आहे. म्हणून कोणते औषध वापरले ते डॉक्टरांना सांगता आले पाहिजे.

माझे म्हणणे असे, की आमिषाचे काम दिवाळीच्या चार दिवसांत काढूच नये. आधी उरकावे किंवा भाऊबीजेनंतर करावे. आधी उरकले तरी दोन-तीन दिवस बिनविषारी आमिष, नंतर विषारी, ते बिळाच्या आत आणि तोंड मातीने बंद, हा क्रम सोडू नये. दुसऱ्या दिवशी मेलेले उंदीर वेचून खोल पुरावेत. उरलेले आमिषही पुरावे, कागदात ठेवू नये.

आता फटाक्यांचे. माणसाला साधारण २०,००० हर्ट्झपर्यंतचा आवाज ऐकू येतो, कुत्र्याला सुमारे ४५,००० पर्यंतचा. आपल्याला जो आवाज लांबचा वाटतो, तो त्याच्या कानाशी असतो. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये दिवाळीत फटाक्यांसाठी रात्री ८ ते १० ही वेळ ठरवून दिली. वस्तीवर ती किती पाळली जाते हे आपण जाणताच. तरी अंधार पडण्यापूर्वी कुत्र्याला फिरवून, खाऊ घालून आत घ्यावे. अंगणात साखळीला बांधून ठेवले तर भेदरून गळफास लागतो, मोकळे सोडले तर डांबरी रस्त्यावर जातो. आतली खोली, खाली पोते, पाण्याचे भांडे आणि जरा मोठ्याने लावलेला रेडिओ एवढे पुरते. पण ती खोली बहुधा आपली कोठीची असते. तेथे फवारणीची औषधे, थायरम चोळलेले बियाणे, युरियाची फुटकी गोणी असेल तर आधी हलवावी.

फराळाबाबत भगिनींना विनंती. बेदाणे आणि मनुका कुत्र्याच्या मूत्रपिंडाला घातक आहेत. किती खाल्ल्यावर बाधतील याचा नेम नाही, म्हणून मुलांनी चिवड्याची मूठ त्याच्यापुढे टाकू नये. चॉकलेटही नको. तळणीचे चार तुकडे प्रेमाने दिले तरी पोट बिघडते. त्याला भाकर-ताकच बरे.

सणाला शहरातून लेकरे येतात. कुत्रा त्यांना ओळखत नाही आणि ती कुत्र्याला ओळखत नाहीत. खाताना, झोपेत असताना त्याच्याजवळ जाऊ नये, हे पहिल्याच दिवशी सांगावे. रेबीजची लस पिल्लू तीन महिन्यांचे झाल्यावर आणि पुढे डॉक्टर सांगतील त्याप्रमाणे दरवर्षी टोचून घ्यावी. ती दिवाळीपूर्वी झाली आहे ना, हे तपासावे. तरीही दात लागलाच तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटे धुवावी. चुना, तिखट, हळद काही लावू नये. घरचाच कुत्रा आहे म्हणून थांबू नये, त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्रात जावे.

नेपाळमध्ये आपल्या नरक चतुर्दशीच्या दिवशी कुत्र्याला हार घालून टिळा लावतात. आपल्याकडे बैलाला पोळा, गाय-वासराला वसुबारस; कुत्र्याचा मान चंपाषष्ठीला, खंडोबाच्या नैवेद्यातला वाटा. तो जरूर द्यावा. मात्र भरितातली कांद्याची पात आणि लसूण कुत्र्याच्या रक्तातील तांबड्या पेशी मोडतात. आमच्या घरी आता नव्या पिल्लासाठी बाजरीचा रोडगा भरीत कालवण्याआधीच बाजूला काढतात.