‘नेहमी’, ‘कधी कधी’ आणि ‘कधीच नाही’
(पिपरी (मेघे) येथे प्राथमिक शिक्षकांच्या बैठकीत दिलेले भाषण)



इंग्रजीच्या प्रारंभिक पाठांत ‘ऑल्वेज’, ‘ऑफन’, ‘समटाइम्स’ व ‘नेव्हर’ हे चार शब्द येतात. व्याकरणात त्यांना वारंवारतादर्शक क्रियाविशेषणे म्हणतात. नाव अवजड आहे. मुलांना ते सांगण्याची मुळीच आवश्यकता नाही. आज या चार शब्दांपुरतेच बोलावयाचे मी योजिले आहे. विषय लहान दिसतो खरा, पण माझ्या अनुभवाप्रमाणे तिसरी-चौथीच्या वर्गात याच चार शब्दांपाशी पुष्कळ मुले अडतात आणि आपणही त्यांना नीट हात देत नाही.

प्रथम स्वतःचीच एक चूक सांगतो. नोकरीच्या आरंभीच्या वर्षांत माझ्या वर्गात एक मुलगा होता. पहाटे वर्ध्यास घरोघर दूध पोचवून तो शाळेत येई. एके दिवशी तो दाराशी उभा असता मी त्यास सर्वांदेखत म्हटले, ‘यू आर ऑल्वेज लेट.’ वर्ग हसला. तो मुकाट्याने जागेवर जाऊन बसला. पुढे काही दिवसांनी मी हेच चार शब्द शिकविले. फळ्यावर वारांची नावे लिहून ज्याने त्याने आपापल्या गोष्टी मोजाव्या असे सांगितले. त्याने काय मोजले असेल? हजेरीच्या वेळी आपण केव्हा केव्हा नव्हतो, ते. महिन्यात चार दिवस भरले. तो उभा राहिला आणि म्हणाला, ‘आय ॲम समटाइम्स लेट, सर.’ वाक्य व्याकरणदृष्ट्या निर्दोष होते आणि खरेही होते. माझे वाक्य व्याकरणदृष्ट्या निर्दोष होते, पण खरे नव्हते.

तेव्हापासून मी हे शब्द शिकविण्याचा क्रम पालटला. पूर्वी मी शब्द, अर्थ, वाक्यातील जागा आणि मग उदाहरणे अशा क्रमाने जात असे. ‘द सन ऑल्वेज रायझेस इन द ईस्ट’ हे वाक्य मुले घोकून म्हणत. परंतु त्यात त्यांना स्वतः ठरविण्यासारखे काहीच नसे. आता मी आधी मोजावयास लावतो. मोजल्यावाचून ‘नेहमी’ म्हणता येत नाही, ही गोष्ट मुलास मराठीतच उमजली पाहिजे. इंग्रजी शब्द त्यानंतर.

आपण जेथे जमलो आहोत तेथून सेवाग्राम जवळच आहे. 22 व 23 ऑक्टोबर 1937 रोजी वर्ध्यास गांधीजींच्या अध्यक्षतेखाली शिक्षण परिषद भरली आणि तिच्यातून झाकीर हुसेन समितीची मूलोद्योग शिक्षणाची योजना पुढे आली. त्या योजनेच्या सात वर्षांच्या अभ्यासक्रमात इंग्रजीस स्थान नव्हते, हे आपणांस ठाऊक आहे. 2000 सालापासून मात्र महाराष्ट्रातील मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी आहे. म्हणजे वर्ध्याच्या योजनेने जो विषय वगळला, तोच आज आपण वर्ध्याच्या पंचक्रोशीत पहिलीच्या मुलास शिकवीत आहोत! तथापि त्या योजनेचे एक तत्त्व इंग्रजीच्या तासालाही उपयोगी पडते, असे मला वाटते. मुलाने टकळीवर सूत काढावे, किती निघाले ते मोजावे आणि त्या मोजणीतून गणित शिकावे, अशी ती रीत होती. हाताने केलेल्या व मोजलेल्या गोष्टीविषयी मूल बोलू लागले म्हणजे भाषा उसनी राहत नाही.

प्रत्यक्ष पाठ असा घ्यावा. फळ्यावर सोमवार ते शनिवार असे सहा रकाने आखावेत. डाव्या बाजूस चारपाच साध्या गोष्टी लिहाव्यात : चहा पिणे, भाकरी खाणे, पायी शाळेत येणे, आईस पाणी भरू लागणे, गोष्टीचे पुस्तक वाचणे. प्रत्येक मुलाने वहीत तसाच तक्ता करून आठवडाभर रोज खुणा कराव्यात. शनिवारी सहाही खुणा असतील तेथे ‘ऑल्वेज’, एकही नसेल तेथे ‘नेव्हर’. एकदोन असतील तेथे ‘समटाइम्स’ आणि चारपाच असतील तेथे ‘ऑफन’. तीन खुणा असल्या तर काय म्हणावे, असे कोणीतरी विचारतोच. तेथे वर्गात चर्चा होऊ द्यावी.

या चर्चेची भीती बाळगू नये. काही मार्गदर्शिकांत या शब्दांपुढे शेकड्याचे आकडे छापलेले असतात. शिक्षकाच्या सोयीसाठी ते ठीक आहे. पण तो भाषेचा नियम नव्हे. ‘ऑल्वेज’ आणि ‘नेव्हर’ ही दोन टोके पक्की आहेत. मधले शब्द प्रसंगानुसार कमीजास्त ताणतात. महिन्यातून चार वेळा पाणी प्यालेल्या माणसास ‘ऑफन’ पितो असे कोणी म्हणणार नाही; पण महिन्यातून चार वेळा घर गळले तर ते ‘ऑफन’च झाले. त्या दूधवाल्या मुलाचे चार दिवस त्याला ‘समटाइम्स’ वाटले. मला कदाचित ते ‘ऑफन’ वाटले असते. त्याबद्दल आम्हां दोघांत वाद होऊ शकला असता. ‘ऑल्वेज’बद्दल वादास जागाच नव्हती.

आता मराठी मुलाची खरी अडचण पाहू. आपल्या ‘कधी’ या एका शब्दाकडे किती कामे आहेत! ‘तू कधी आलास?’ हा प्रश्न. ‘मी कधी कधी येतो’ हे विधान. ‘मी कधीच येत नाही’ हा नकार. इंग्रजीत या तिन्हींस तीन निरनिराळे शब्द लागतात : ‘व्हेन’, ‘समटाइम्स’, ‘नेव्हर’. घरी ‘कवा कवा’ म्हणणाऱ्या एका मुलीने वहीत ‘व्हेन व्हेन आय गो’ असे लिहिलेले मी पाहिले आहे. ती चूक आळसाची नव्हती. तिने मराठीची रीत विचारपूर्वक इंग्रजीस लावली होती. अशा ठिकाणी तांबडी रेघ ओढण्यापूर्वी तिन्ही मराठी वाक्ये फळ्यावर शेजारी शेजारी लिहावीत आणि एकच ‘कधी’ तीन वेषांत कसा वावरतो ते दाखवावे.

‘नेव्हर’ची गोष्ट आणखी वेगळी आहे. मराठीत ‘कधीच’ म्हटल्यावरही वाक्याच्या शेवटी ‘नाही’ लागतेच. त्यामुळे मूल ‘आय डोन्ट नेव्हर ड्रिंक टी’ असे म्हणते. त्याच्या कानाला ‘नाही’ राहून गेल्यासारखे वाटते. त्यास सांगावे की, ‘नेव्हर’च्या पोटातच ‘नाही’ आहे. हे केवळ समजुतीसाठी नव्हे. जुन्या इंग्रजीत ‘ने’ म्हणजे ‘न’ आणि त्यापुढे ‘एव्हर’, असाच तो शब्द बनला आहे. हा ‘ने’ आणि आपला ‘न’ हे एकाच दूरच्या मूळभाषेचे वंशज होत. मुलांना इतके सांगण्याचे कारण नाही. पण शिक्षकास ते माहीत असले म्हणजे त्याच्या बोलण्यात ठामपणा येतो. उदाहरणासाठी ‘इट नेव्हर स्नोज इन वर्धा’ हे वाक्य मी वापरतो. मुले आनंदाने मान डोलावतात. मे महिन्यात तर विशेषच.

वाक्यातील जागेविषयी दोनच गोष्टी पुरेत. करण्याची क्रिया असेल तर हा शब्द तिच्या आधी बसतो : ‘आय ऑल्वेज ईट भाकरी’. ‘ॲम’, ‘इज’, ‘आर’ असेल तर त्याच्या मागून येतो : ‘आय ॲम समटाइम्स लेट’. मराठीत हा शब्द वाक्यात मोकळेपणी फिरतो आणि क्रियापद बहुधा शेवटी असते. म्हणून इंग्रजीतील ही शिस्त मुलाच्या सहज अंगवळणी पडत नाही. नियम पाठ करविण्यापेक्षा मुलांनाच शब्दांच्या पाट्या देऊन ओळीत उभे करावे. ‘आय’, ‘ईट’ व ‘भाकरी’ हे तिघे उभे राहिले की ‘ऑल्वेज’ची पाटी घेतलेल्या मुलाने आपली जागा शोधावी. ‘ईट’ आणि ‘भाकरी’ यांच्यामध्ये तो घुसू लागला तर बाकीची मुलेच त्यास हटवितात. ‘रोज’ म्हणजे ‘एव्हरी डे’ याची मात्र आठवण ठेवावी. अर्थाने तो या शब्दांचा सोयरा वाटला, तरी तो बहुधा वाक्याच्या शेवटी जाऊन बसतो. ‘आय एव्हरी डे गो’ ही चूक येथूनच होते. ‘ही’ व ‘शी’ यांच्यापुढे मध्येच ‘ऑल्वेज’ आला की ‘कम्स’मधील ‘स्’ गळून पडतो, याकडेही कान असू द्यावा.

या शब्दांचा आणखी एक लाभ आहे आणि तो मी सर्वांत मोठा मानतो. दारातून बाहेर पडताना आपण म्हणतो, ‘मी शाळेत जातो.’ आणि नित्याची गोष्ट सांगतानाही ‘मी शाळेत जातो’ असेच म्हणतो. मराठीत दोहोंस एकच रूप चालते. इंग्रजीत पहिल्यास ‘आय ॲम गोइंग’ व दुसऱ्यास ‘आय गो’. हा भेद काळांची नावे सांगून कळत नाही. पण ‘ऑल्वेज’, ‘ऑफन’ जोडता येतो तेथे साधा ‘गो’, एवढी खूण मूल पटकन धरते. ‘आय ॲम ऑल्वेज गोइंग’ असेही इंग्रज बोलतो, पण त्यात सहसा तक्रारीचा किंवा कौतुकाचा सूर असतो. ते प्रकरण या वयात काढू नये.

उच्चाराबद्दल एक शंका वारंवार विचारली जाते. ‘ऑफन’ म्हणावे की ‘ऑफ्टन’? दोन्ही शिष्टसंमत आहेत. त्यावरून मुलाचे गुण कापू नयेत.

शेवटी हजेरीपटाकडे वळतो. आपल्या भागात कापसाच्या वेचणीचे दिवस आले की वरच्या वर्गांतील काही मुली दिसेनाशा होतात; कोणी आईबरोबर शेतात जाते, कोणी घरी धाकट्या भावंडास सांभाळते. त्यांच्या नावापुढे ‘नेहमी गैरहजर’ असा शेरा मी पाहिला आहे. पाने उलटून मोजले तर जुलै-ऑगस्टात त्याच मुलींची हजेरी भरलेली असते. ‘शी इज ऑफन ॲब्सेंट इन नोव्हेंबर’ या वाक्यात किती माहिती आहे पाहा : कोण, किती वेळा आणि केव्हा. ‘केव्हा’ कळले की पालकांकडे कोणत्या महिन्यात जावयाचे आणि काय बोलावयाचे, तेही कळते. ‘नेहमी गैरहजर’ या शेऱ्यातून यांपैकी काहीच निघत नाही आणि पुढच्या वर्गाचा शिक्षक तो शेरा वाचूनच त्या मुलीकडे पाहू लागतो.

पुढील बैठकीस येताना प्रत्येकाने आपल्या वर्गातील चारपाच मुलांचे आठवड्याचे तक्ते व त्यांखाली मुलांनी लिहिलेली वाक्ये आणावीत, अशी विनंती आहे. वाक्ये चुकलेली असली तरी दुरुस्त न करता तशीच आणावीत. एक तक्ता स्वतःचाही आणावा : आठवड्यात वर्गात आपण कोणत्या मुलाला उद्देशून ‘नेहमी’ व ‘कधीच नाही’ हे शब्द किती वेळा उच्चारले, त्याचा. माझा मी आणीन.