जुन्या गाडीचा नवा रेडिएटर



बीड जिल्ह्यात स्पोर्ट्‌स कार कोणती, असं कुणी विचारलं तर मी हूड उतरवलेल्या जुन्या जीपकडे बोट दाखवीन. महिंद्राची एमएम 540, प्यूजोच्या जातीचं डिझेल इंजिन, रुंद टायर, हौसेनं मारलेला रंग. तिचा मालक डिझेलची तक्रार करत नाही, धक्क्यांचीही करत नाही. त्याचं दुखणं एकच. वैशाखात मांजरसुंब्याच्या घाटाला लागलं की तापमानाचा काटा चढतो आणि बॉनेटखालून वाफ यायला लागते. मग तो गॅरेजमध्ये येऊन सांगतो, "मिस्त्री, मोठ्यातला मोठा रेडिएटर टाका."

माझ्या मते मोठा की लहान हा प्रश्न नंतरचा. आपल्या भागात आधी ठरवायचं ते हे, की या रेडिएटरमध्ये पाणी कोणतं जाणार, आणि तो गळायला लागला तर त्याला डाख कोण लावून देणार.

त्याही आधी गुन्हेगार रेडिएटरच आहे ना, ते बघायला हवं. गाडी बाजारातल्या गर्दीत, हळू चालताना तापत असेल तर संशय हवेवर घ्यावा. पट्टा सैल असेल, पंख्याचं पातं मोडलं असेल, किंवा पंख्याभोवतीचं पत्र्याचं कडं कुणीतरी "अडचण होते" म्हणून काढून फेकलं असेल. हे कडं नसलं की पंखा जाळीतून हवा ओढायचं सोडून आजूबाजूचीच हवा घुसळत बसतो. उलट गाडी हमरस्त्यावर वेगात तापत असेल तर संशय पाण्याच्या प्रवाहावर. नळ्या तुंबल्यात, पंप झिजलाय, किंवा खालचा रबरी पाइप जुना होऊन पंपाच्या ओढीनं आत चिमटतोय. हा पाइप गाडी उभी असताना ठणठणीत दिसतो, म्हणून हमखास सुटतो. आणि टाकीतल्या पाण्यात सारखे बुडबुडे येत असतील तर गॅसकेट बघा. तिथं नव्या रेडिएटरवर घातलेले पैसे वाया जातील.

आता पाणी. आपली जमीन बसाल्टची, काळ्या पाषाणाची. पाऊस कमी, म्हणून बोअर खोल. त्या पाण्यात कॅल्शियम-मॅग्नेशियमचे क्षार भरपूर. ज्यांच्या घरी बंब आहे त्यांनी त्याच्या आतल्या नळीवर साचलेला पांढरा थर पाहिला असेल. तोच थर रेडिएटरच्या अरुंद नळ्यांमध्येही बसतो. पातळ थर असला तरी तो उष्णता अडवतो, आणि जाड झाला की नळीच बंद होते. दरवेळी उकळून कमी झालेलं पाणी बोअरच्याच पाण्यानं भरत गेलं तर वाफ उडून जाते आणि क्षार आत राहतात, म्हणजे प्रत्येक भरणीला दुखणं वाढतं. जारचं पाणी बोअरपेक्षा बरं. सगळ्यात चांगलं बॅटरीत घालतात ते डिस्टिल्ड वॉटर, आणि त्यात कूलंट. आपल्याकडे पाणी गोठायची भीती नाही, तरी कूलंट लागतो, कारण तो गंज थांबवतो आणि उकळण्याचा अंशही थोडा वर नेतो.

बाजारात दोन जाती मिळतात. जुनी जात तांब्या-पितळेची. नळ्या आणि टाक्या पितळी, मधली पंखांची जाळी तांब्याची, सगळं कथिल-शिशाच्या डाखानं जोडलेलं. नवी जात ॲल्युमिनियमची, बहुतेकदा वरखाली प्लास्टिकच्या टाक्या असलेली. तांबं ॲल्युमिनियमच्या दीडपटीहून अधिक उष्णता वाहून नेतं, हे खरं. पण ॲल्युमिनियमच्या नळ्या रुंद करता येतात, वजन कमी भरतं, त्यामुळे चांगला ॲल्युमिनियमचा रेडिएटर थंड करण्यात मागे पडत नाही. पुण्या-मुंबईत शर्यतीची गाडी बाळगणारा तोच घेईल, आणि त्याचं बरोबर आहे.

जीपवाल्याला मात्र मी तांब्या-पितळेचा घ्या म्हणेन. नळी गळली तर केज किंवा गेवराईचा जुना कारागीर टाकी उघडून नळ्यांतून सळई फिरवतो, म्हणजे रॉडिंग करतो, गळकी नळी डाखानं बंद करतो आणि टाकी परत बसवून देतो. प्लास्टिकची टाकी तडकली तर डाख लावणार कुठे? आणि ॲल्युमिनियमला साध्या पाण्याचं वावडं. जुन्या इंजिनात बिडाचा ब्लॉक, पितळेचे जोड आणि कूलंटविना खारं पाणी एकत्र आलं की ॲल्युमिनियम आतून खाल्लं जायला लागतं. कूलंटची शिस्त पाळणारा असेल त्यानं खुशाल घ्यावा. रस्त्यात हातपंप दिसला की बादली ओतणाऱ्यानं त्या वाटेला जाऊ नये.

जुन्या गाडीला तिसराही मार्ग आहे, आणि मला तोच आवडतो. मूळच्या टाक्या आणि चौकट ठेवायची, फक्त मधली जाळी नवी बसवायची. भोकं जुळतात, पाइपांचं तोंड जुळतं, दर्शनी रूपही मूळचं राहतं. तयार रेडिएटर घेतलात तर पाइपच्या तोंडाचा व्यास, ती तोंडं कोणत्या बाजूला आहेत आणि पंख्यापासूनचं अंतर, ही मापं घेऊनच दुकानात जा. इंजिन आपल्या रबरांवर हलतं, आणि जाळी जाड झाली तर पंखा तिला घासतो.

नळ्यांच्या ओळी किती, हा गॅरेजमधला आवडता वाद. चार ओळींचा घ्या, असा आग्रह होतो. पण मागच्या ओळींना मिळते ती पुढच्या ओळींनी आधीच तापवलेली हवा, आणि जाड जाळीतून ती ओढायला पंखाही तेवढा दमदार हवा. जाळीच्या पंखांची दाटीही तशीच. 1900 मध्ये विल्हेल्म मायबाख यांनी पहिल्या मर्सिडीजसाठी मधाच्या पोळ्यासारखा रेडिएटर केला, त्यात 8070 बारीक नळ्या होत्या. ती गाडी फ्रान्समधल्या नीसच्या शर्यतींत गाजली आणि बारीक जाळीचा जमाना सुरू झाला. नीसला कापूस उडत नव्हता. आपल्याकडे सुगीत कापसाचे तंतू, गाळपाच्या हंगामात उसाचं पाचट आणि बाकी वर्षभर धूळ. फार दाट जाळी इथं लवकर गुदमरते. तीन ओळींची, मोकळ्या पंखांची जाळी आपल्या रस्त्यांना पुरते. धुताना पाणी इंजिनाच्या बाजूनं पुढे मारा आणि जोर बेताचा ठेवा, नाहीतर पंख वाकतात.

रेडिएटरचं झाकण स्वस्त, म्हणून दुर्लक्षित. बीड समुद्रसपाटीपासून पाचशे मीटरच्या वर, त्यामुळे उघड्यावर पाणी 98 अंशांच्या आसपासच उकळतं. झाकणाची स्प्रिंग आतला दाब धरून ठेवते. तो अर्धा बार वाढला तरी उकळण्याचा अंश 110 च्या आसपास जातो. जुन्या गाडीला मूळ दाबाचंच झाकण लावा. जास्त दाबाचं लावलं तर जुने डाख सुटतात.

थर्मोस्टॅट काढून टाकायची आपल्याकडे रीतच पडली आहे. त्यानं डिसेंबरात इंजिन थंडच चालतं, डिझेल जास्त जातं आणि सिलिंडर झिजतो. गळती थांबवायला हळद टाकतात. त्यानं पुढचं गाव गाठता येतं, पण गाळ नळ्यांतच बसतो. घाटात गाडी उकळली तर थांबा आणि झाकणाला हात लावू नका. निवल्यावर, इंजिन हळू चालू ठेवून, पाणी थोडं थोडं घाला. तापलेल्या हेडवर गार पाणी एकदम पडलं तर तडा जातो.

जुना कूलंट रस्त्यात किंवा गोठ्याजवळ सांडू नका. तो चवीला गोड आणि विषारी असतो, कुत्री-गुरं चाटतात. आणि जुनी जाळी मिस्त्रीकडून मागून घ्या. तांबं-पितळ वजनावर विकलं जातं, नव्या कामाच्या बिलातून तेवढे पैसे वजा करून घ्यायला संकोच कसला?