पिनबॉलचें यंत्र आणि घरचा कारागीर

अमेरिकेंतील शिकागो शहराच्या एखाद्या उपनगरांत, एका घराच्या तळघरांत, रात्रीच्या जेवणानंतर चार माणसें एका लांबट, काच लावलेल्या पेटीभोंवतीं उभीं आहेत, असें चित्र श्रोत्यांनीं क्षणभर डोळ्यांपुढें आणावें. पेटीला चार पाय आहेत, आंत रंगीबेरंगी दिवे लुकलुकत आहेत, संगीतही चालूं आहे. परंतु खेळ मात्र खोळंबला आहे. पोलादी गोळी चढावर अर्ध्यापर्यंत जाते आणि दम लागलेल्या म्हाताऱ्याप्रमाणें मागें फिरते. धाकटा मुलगा बाजूचें बटण पुन्हां पुन्हां दाबतो आणि मग वडिलांच्या तोंडाकडे पाहतो. वडिलांचा व्यवसाय हिशेब तपासण्याचा. पेचकस हातीं धरण्याचा प्रसंग त्यांच्यावर क्वचितच आलेला. नळ बिघडला तर नळवाला येतो, मोटार बिघडली तर ती ओढून कारखान्यांत नेतां येते. पण शंभर किलोहून अधिक वजनाचें हें धूड तळघराच्या जिन्यावरून वर न्यायचें कोणीं, आणि नेऊन दाखवायचें कोणाला?

हें यंत्र म्हणजे पिनबॉल. कॅरमवर वाढलेल्या घरांतून याची ओळख थोडी करून दिली पाहिजे. साधारण साडेसहा अंश उतरता ठेवलेला एक लांकडी फळा, त्यावर एक इंचाहून किंचित् मोठी, सुमारें ८० ग्रॅम वजनाची पोलादी गोळी, आणि खालच्या टोंकाशीं खेळणाऱ्याच्या बटणांनीं हलणारे दोन आंखूड हात. या हातांना फ्लिपर म्हणतात. गोळी उताराच्या स्वभावानें खालीं येणार आणि खेळणारानें ती फ्लिपरनें वर धाडीत राहावयाचें, एवढाच खेळ. पूर्वी या खेळांत फ्लिपर नव्हतेच. १९४७ सालीं गॉटलीब कंपनीच्या ‘हम्प्टी डम्प्टी’ या यंत्रांत ते प्रथम आले. त्यापूर्वी गोळी एकदां सुटली कीं नशिबाच्या हवालीं होई. न्यूयॉर्क शहरानें तर हा जुगार ठरवून १९४२ सालीं त्यावर बंदी घातली, आणि ती १९७६ सालापर्यंत उठली नाहीं.

त्या सर्व काळांत हीं यंत्रें घरांत नसत. तीं मद्यगृहांत, हॉटेलांत, खेळांच्या दुकानांत असत आणि त्यांचा मालक तिसराच कोणी असे. त्याचा माणूस हत्यारांची पेटी घेऊन गांवभर हिंडे. नाणीं मोजून घेई, काच पुसी, सैल झालेला स्क्रू आंवळी आणि पुढच्या दुकानाकडे वळे. यंत्राची रचनाच मुळीं या हिंडत्या कारागिरास समोर ठेवून केलेली होती. फळा वर उचलून आडकाठीवर टेकवितां येतो. त्याच्या पोटांतील प्रत्येक भागापर्यंत हात पोंचतो. आणि यंत्राबरोबर मिळणाऱ्या पुस्तकांत तारांचे संपूर्ण नकाशे छापलेले असत. पुढें धंद्यास उतरती कळा लागली, १९९९ सालीं विल्यम्ससारख्या अग्रगण्य कंपनीनें पिनबॉलचें काम बंद केलें. जुनीं यंत्रें हौशी लोकांनीं घरीं नेलीं. हल्लीं तर सुमारें सात हजार डॉलर आणि त्याहून अधिक किंमतीचीं अगदीं नवीं यंत्रेंही थेट कुटुंबांत जातात. यंत्र घरीं आलें. तो हिंडता कारागीर मात्र बरोबर आला नाहीं.

हिशेबनीसांच्या त्या यंत्राचा फ्लिपर अशक्त कां झाला, हें पाहण्यासाठीं काच काढावी लागते. ही काच आंच देऊन कठीण केलेली असते. सपाट पृष्ठावर ती बराच मार सोसते, पण तिची कड फरशीवर नुसती टेकली तरी तिचा क्षणांत चुरा होऊं शकतो. म्हणून ती सतरंजीवर उभी करावी. मग सर्व गोळ्या काढून घ्याव्या. न काढतां फळा उचलला तर त्या घरंगळून नको तेथें जातात आणि एखादें नाजुक अंग फोडतात. वीज अर्थात् आधींच तोडलेली असावी, आणि ती तोडणें म्हणजे भिंतींतून वायर उपटणें. नुसतें बटण बंद करून भागत नाहीं.

फळ्याच्या पोटांत पाहतांच प्रथम दिसते ती काळी धूळ. कापसाच्या घरांतून येणारी ही धूळ नव्हे; पोलाद, रबर आणि नायलॉन एकमेकांवर घासून ती यंत्रांतच जन्म घेते. ती गोळीला चिकटते, आणि मळलेली गोळी कानशीसारखी फळ्याचा रंग खरवडीत जाते. म्हणून कांहीं शेंकडे डाव झाले कीं फळा पुसून त्यावर मेण चढवावें, गोळ्या खरखरीत वाटूं लागतांच बदलाव्या, तडे गेलेल्या रबरी रिंगा काढून टाकाव्या. या कामास बुद्धि लागत नाहीं, सवय लागते. आणि बहुतेक घरांत तीच नसते. दिवे लागतात, गोळी फिरते, तोंवर काच उघडण्याचा कंटाळा कोणास येत नाहीं?

फ्लिपरची गोष्ट थोडी निराळी. त्याच्या मुळाशीं तांब्याच्या तारेचें एक वेटोळें असतें. त्यांतून वीज गेली कीं तें चुंबक होऊन लोखंडी दांडा आंत ओढून घेतें, आणि त्या ओढीनें फ्लिपर उसळतो. दांडा ज्या नायलॉनच्या नळींतून सरकतो ती नळी धुळीनें खरबरीत होते. दांड्याचें टोंक थांब्यावर आपटून आपटून छत्रीसारखें पसरतें. जोडपट्टीचें भोंक झिजून मोठें होतें. प्रत्येक दोष तिळाएवढा, पण सर्व मिळून गोळी चढण चढेनाशी होते. हे झिजणारे भाग थोडक्या डॉलरांत मिळतात आणि एका संध्याकाळीं बदलतां येतात. झिजलेल्या नळींत तेल मात्र घालूं नये. तेल धूळ धरतें, त्याचा चिखल होतो, आणि पंधरा दिवसांत दांडा पूर्वीपेक्षां जास्त अडूं लागतो. शिवणयंत्राची सवय असलेला हात येथें हटकून चुकतो.

दुसरेंही एक कारण असतें, तें डोळ्यांना दिसत नाहीं. तांबें तापलें कीं त्याचा विजेस होणारा विरोध दर अंशास सुमारें शेंकडा ०.४ या प्रमाणांत वाढतो. वेटोळें पन्नास अंशांनीं तापलें तर विरोध शेंकडा वीस वाढला, प्रवाह त्या मानानें घटला, आणि जो फ्लिपर आरंभीं तडफदार होता तो तासाभरानें मलूल झाला. सकाळीं पाहावें तर यंत्र पुन्हां ठणठणीत! घरधनी बुचकळ्यांत पडतो. कांहीं हौशी लोक यासाठीं वेटोळ्याजवळ लहानसा पंखा बसवितात.

जुन्या यंत्रांच्या मालकांस आणखी एक फसगत ठाऊक असते. फ्लिपर पूर्ण वर गेला कीं जोराचा प्रवाह तोडून केवळ धरून ठेवण्यापुरता क्षीण प्रवाह ठेवावा लागतो, नाहींतर वेटोळें जळून जाईल. पूर्वी हें काम धातूच्या दोन पट्ट्यांचा एक लहान खटका करी. त्याच्या टोंकांवर टंगस्टन असे. तीं काळवंडलीं कीं कानशीनें घासावीं, असा नियम. १९९२ सालच्या ‘द ॲडम्स फॅमिली’ या यंत्रापासून विल्यम्सच्या कारखान्यानें हें काम इलेक्ट्रॉनिक बोर्डाकडे दिलें. खटका तेथेंच राहिला, पण तो आतां केवळ सूक्ष्म प्रवाहाची वार्ता देतो आणि त्याच्या टोंकांवर सोन्याचा मुलामा असतो. त्यावर कानस फिरविली कीं मुलामा गेला आणि खटका कायमचा बिघडला. तो जाड कागदाच्या पट्टीनेंच पुसावयाचा. भाग तोच, जागा तीच, उपचार मात्र उलटा. आणि जुन्या अनुभवाच्या माणसाकडूनच ही चूक अधिक घडते. त्या पिढीच्या यंत्रांत मुख्य बोर्डावरच तीन बॅटऱ्या बसविलेल्या असत, त्याही अशाच घातकी. त्या विसरल्या गेल्या कीं पाझरतात, आणि तो पाझर बोर्डावरील तांब्याच्या रेषा खाऊन टाकतो. शहाणा मालक त्या काढून दूर अंतरावर, तारेनें जोडलेल्या डब्यांत ठेवतो.

तरीहि त्या बोर्डांवरील भाग बोटांत धरतां येण्याजोगे होते. जळलेला ट्रॅन्झिस्टर काढून दुसरा डाखतां येई. २०१५ सालच्या सुमारास स्टर्न कंपनीनें स्पाइक नांवाची रचना आणली. तींत फळ्याखालीं ठिकठिकाणीं लहान बोर्ड असून, ते संगणकांच्या जोडणीसारख्या तारांनीं एकमेकांस आणि मुख्य मेंदूस जोडलेले असतात. शेंकडों तारांचा जुना गुंता त्यामुळें गेला. हा लाभ खरोखर मोठा आहे. पण या बोर्डांवरील भाग तांदळाच्या दाण्याएवढे आणि पृष्ठावरच चिकटविलेले. घरच्या डाखकामाच्या हत्यारास ते दाद देत नाहींत. म्हणून एक भाग गेला तरी सबंध बोर्ड बदलावा लागतो, आणि तो कारखाना देईल तोंवरच मिळणार. पन्नास वर्षांपूर्वीचें यंत्र आज एखादा पेन्शनर कानस आणि डाख घेऊन चालूं करतो. आजच्या यंत्रास पन्नास वर्षांनीं तो बोर्ड कोण देणार, या प्रश्नास विकत घेणाराकडे उत्तर नाहीं, आणि विकणारास तो कोणी फारसा विचारीतही नाहीं.

शिवाय नव्या रचनेनें एक नवा मोह उत्पन्न केला आहे. कांहीं चालेनासें झालें कीं बोर्ड मागवावा! पण बोर्ड पुष्कळदां निरपराध असतो, किंवा दुसऱ्याच्या पापानें मेलेला असतो. वेटोळ्याची तार आंतल्या आंत चिकटली कीं त्याचा विरोध घटतो, प्रवाह बेसुमार वाहतो आणि ट्रॅन्झिस्टर जळतो. नवा बोर्ड आणून बसविला, पण वेटोळें तेंच राहिलें, तर पहिल्याच डावांत नवा बोर्डही जातो. चोर सोडून संन्याशाला फांशी द्यावी, आणि चोरानें दुसऱ्या संन्याशाचाही जीव घ्यावा, असा हा प्रकार. म्हणून बोर्डापूर्वी मीटरनें वेटोळें मोजावें. फ्लिपरच्या जोरकस वेटोळ्याचा विरोध साधारणतः चार ओहमांच्या आसपास असतो. मीटर एकाच्या जवळपास दाखवूं लागला तर गुन्हेगार सांपडला. नवें वेटोळें घेतांना आकार पाहूं नये, वेष्टनावरचा क्रमांक पाहावा. दिसण्यांत सारखीं पण बळांत निरनिराळीं अशीं तीं अनेक असतात. आणि फ्यूज उडाला तर त्याहून जाड फ्यूज घालूं नये, हें सांगण्याची गरज नसावी. पण जळालेल्या तारा पाहिल्या म्हणजे ती आहे असें दिसतें.

तळघरांतील हिशेबनीसांनींही बोर्डाची किंमत विचारून ठेवली होती. मागणी पाठविण्यापूर्वी त्यांनीं मीटर लावला. वेटोळें निर्दोष निघालें. नळी मात्र आंतून शेंकोटीच्या धुराड्यासारखी काळी झालेली आणि जोडपट्टीचें भोंक लांबट झालेलें. चार दिवसांनीं टपालानें नवे भाग आले. ते बसवितांना एक स्क्रू दोनदां पेटीच्या तळाशीं पडला, मुलानें तो चुंबकानें शोधून दिला, आणि दहा वाजून गेल्यावर गोळ्या मोजून आंत टाकून काच सरकविण्यांत आली. डावा फ्लिपर उसळला तो असा कीं गोळी चढण ओलांडून पलीकडच्या खटक्यावर जाऊन आदळली. सर्वांनीं टाळ्या वाजविल्या. मुलानें आणखी दोन डाव खेळून पाहिले आणि मग हळूच सांगितलें कीं आतां उजवा फ्लिपर मंद वाटतो.