कचऱ्याचा उघडा हिशेब

(एका व्याख्यानाचा सारांश)



एखाद्या बलाढ्य व्यापारी साखळीने पर्यावरणरक्षणाची भाषा सुरू केली की ऐकणाऱ्यांपैकी काही भारावून जातात, तर काही ‘ही सारी जाहिरातबाजी’ म्हणून मान फिरवतात. दोन्ही निष्कर्ष घाईचे होत. अशा कार्याची पारख घोषणेवरून नव्हे, हिशेबावरून करावी. या दृष्टीने ब्रिटनमधील ‘टेस्को’ या साखळीचे उदाहरण उद्बोधक आहे. १९१९ मध्ये जॅक कोहेन यांनी पूर्व लंडनच्या बाजारात मांडलेल्या एका लहानशा ठेल्यातून ही साखळी उभी राहिली. आज ती ब्रिटनमधील सर्वांत मोठी किराणा विक्रेती आहे.

जानेवारी २००७ मध्ये टेस्कोने संकल्प सोडला की, आपल्या सुमारे ७० हजार वस्तूंपैकी प्रत्येकीवर तिच्यापायी होणाऱ्या कार्बन उत्सर्जनाचा आकडा छापायचा. परंतु एकेका वस्तूच्या मोजणीत महिने जाऊ लागले. अन्य विक्रेत्यांनीही साथ दिली नाही. अखेर २०१२ मध्ये हा उपक्रम गुंडाळावा लागला. संकल्प मोठा होता. त्यामागील कष्टांचा अंदाज मात्र चुकला होता.

जे दुकानाच्या हाती होते, तेथे काम अधिक भरीव झाले. सुपरमार्केटमध्ये दूध, मांस, भाजी अहोरात्र थंड ठेवावी लागते. त्यासाठी वापरला जाणारा आर-४०४ए हा शीतवायू एक किलो गळाला, तर शंभर वर्षांच्या हिशेबाने तो सुमारे ३,९०० किलो कार्बन डायऑक्साईडइतकी तापवाढ घडवतो. म्हणून टेस्कोने अनेक ठिकाणी कार्बन डायऑक्साईडच शीतवायू म्हणून वापरणारी यंत्रे बसवली आणि उघड्या शीतकपाटांना दारे लावली. ग्राहकाच्या नजरेत न भरणारे हे काम पिशवीवरील हिरव्या पानाच्या चित्रापेक्षा कितीतरी मोलाचे आहे.

तथापि सर्वांत धाडसी पाऊल २०१३ मध्ये पडले. स्वतःची दुकाने व वितरण केंद्रे यांतून सहा महिन्यांत २८,५०० टन अन्न वाया गेल्याचे टेस्कोने आपण होऊन जाहीर केले. पिशवीबंद सॅलडपैकी तर ६८ टक्के माल शेतापासून घरापर्यंतच्या प्रवासात कोठे ना कोठे फेकला जात होता आणि त्यातील मोठा वाटा ग्राहकांच्या घरातलाच होता. स्वस्त म्हणून जास्त घ्यायचे आणि नासले म्हणून टाकून द्यायचे, असा हा क्रम! तेव्हा मोठ्या पिशव्यांवरील ‘एकावर एक’ प्रकारच्या सवलती बंद करण्याचे ठरले. २०१६ मध्ये ओबडधोबड दिसणारी, पण खाण्यास उत्तम अशी फळे-भाज्या वेगळ्या नावाने विक्रीस आली.

याच हिशेबाने पुढे टेस्कोला खाली पाहायलाही लावले. अन्ननासाडी ४५ टक्क्यांनी घटल्याचे सांगितले जात होते. परंतु जनावरांच्या खाद्यासाठी म्हणून दिलेले अन्न एक कंत्राटदार वायुनिर्मितीसाठी वापरत असल्याचे उघड झाले. २०२३ मध्ये हा आकडा १८ टक्क्यांवर आणावा लागला. बदनामीचा हा प्रसंग खराच. पण चूक सापडली ती मोजणी चालू होती म्हणूनच.

या साऱ्याचा महाराष्ट्राशीही संबंध आहे. नाशिकची द्राक्षे थंड कंटेनरमधून ब्रिटनच्या बाजारात जातात. मण्याचा आकार, रंग, फवारणीचे अंश यांचे निकष तेथील खरेदीदार ठरवतो आणि नाकारलेल्या मालाचा भार बागाईतदाराच्या माथी येतो. अशा साखळीच्या एकूण उत्सर्जनाचा नव्वद टक्क्यांहून अधिक भाग तिच्या दुकानांबाहेर, म्हणजे शेत, कारखाना आणि स्वयंपाकघर यांत असतो. तेव्हा दुकानाने आपली सुधारणा शेतकऱ्याच्या खर्चाने करू नये, हे पाहणेही तितकेच अगत्याचे आहे.

आज पुण्या-मुंबईतील कुटुंबेही महिन्याचा किराणा मॉलमधून भरतात. सवलतीच्या फलकाखाली उभे असताना ‘हे घरात खरोखर संपेल काय?’ एवढाच प्रश्न गृहिणीने आणि गृहस्थाने स्वतःला विचारावा. आठवडाभर टाकून दिलेले अन्न एका डब्यात साठवून एकदा तोलून पाहावे. टेस्कोने जो हिशेब जगापुढे मांडला, तो निदान घरातल्या चार माणसांपुढे मांडण्यास कोणाचीच हरकत नसावी.