स्मरण हेही एक कर्तव्य आहे
(बोईसर-तारापूर परिसरातील बौद्ध कुटुंबांसमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)



समाज आपला भूतकाळ कसा लक्षात ठेवतो आणि कसा विसरतो, याचा विचार आज आपणांस करावयाचा आहे. हा प्रश्न केवळ पंडितांचा आहे असे समजू नका. ज्याचा इतिहास दुसऱ्याच्या हाती, त्याचे हक्कही दुसऱ्याच्या हाती जातात.

प्रथम स्मरणाचे उदाहरण घेऊ. 14 ऑगस्ट 1942 रोजी पालघर येथे मोर्चावर गोळीबार झाला. नांदगावचे गोविंद गणेश ठाकूर, सातपाटीचे काशिनाथ हरी पागधरे, पालघरचे रामप्रसाद भीमाशंकर तिवारी, मुरब्याचे रामचंद्र महादेव चुरी आणि सालवडचे सुकुर गोविंद मोरे हे पाच जण हुतात्मे झाले. ऐंशीहून अधिक वर्षे लोटली, तरी पालघर त्यांना विसरलेले नाही. याचे कारण उघड आहे. या स्मरणाला ठरलेला दिवस आहे, ठरलेला चौक आहे, आणि तेथे येऊन अभिवादन करणारी माणसे आहेत.

आता विस्मरणाचे उदाहरण याच जिल्ह्यातील पहा. वसई तालुक्यातील नालासोपारा म्हणजे पाली ग्रंथांतील सुप्पारक. इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात सम्राट अशोकाने तेथे आपले लेख कोरविले. तेथे स्तूप उभा होता. परंतु विहार ओस पडले, ब्राह्मी लिपी वाचणारा कोणी उरला नाही, आणि स्तूपाच्या टेकाडाला लोक 'बुरूड राजाचा कोट' म्हणू लागले. 1882 साली पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी ते टेकाड खणले, तेव्हा दगडी पेटी निघाली. तिच्यात एकात एक ठेवलेले करंडक, आठ बुद्धमूर्ती आणि भिक्षापात्राचे म्हणून जपलेले तेरा तुकडे होते. दरम्यान सिंहलद्वीपातील भिक्खूंनी मात्र सुप्पारकाचे नाव पठणाने आणि लेखनाने जिवंत ठेवले होते. जेथे वस्तू होती तेथे आठवण नव्हती. जेथे पठण होते तेथे आठवण होती.

1956 मध्ये सोपाऱ्याजवळच्या भुईगावी अशोकाच्या नवव्या लेखाचा तुकडा सापडला. त्या लेखाचा आशय असा, की निरर्थक मंगलविधींपेक्षा धम्ममंगल श्रेष्ठ. आणि दास व सेवक यांच्याशी योग्य वर्तन हे धम्ममंगलाचे अंग होय. ज्या जिल्ह्यात डहाणू-तलासरी भागातील वारली बांधवांना 1945 मध्ये वेठबिगारीविरुद्ध उठावे लागले, त्याच तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यात ही शिकवण दगडावर कोरलेली पडून होती! न वाचलेला लेख कोणाचे रक्षण करणार?

फ्रेंच समाजशास्त्रज्ञ मोरिस हालब्वाक्स यांनी 1925 साली हेच तत्त्व मांडले. माणूस आपल्या समूहाच्या आधाराने आठवतो. तो समूह विखुरला की आठवणही विखुरते. याचा प्रत्यय तारापुरास येतो. अणुवीज केंद्राच्या तिसऱ्या व चौथ्या अणुभट्ट्यांसाठी अक्करपट्टी आणि पोफरण ही गावे उठली. उठलेल्या गावाची विहीर व वेस साक्ष देण्यास उरत नाही. साक्ष कागदच देतो. अशा प्रसंगी ज्या मजुराचे नाव सातबाऱ्यावर नसते, त्याला आपण तेथे नांदत होतो हे सिद्ध करणेही कठीण जाते.

आता आपल्या घराकडे वळू. जुना अपमान मुलांच्या कानी पडू नये, असे पुष्कळ आईबापांना वाटते. त्यामागील माया मी जाणतो. परंतु कायद्याचा इतिहास ध्यानात घ्या. 1950 च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातींची मान्यता हिंदूंपुरती ठेवली. 1956 साली त्यांत शिखांचा समावेश झाला. 14 ऑक्टोबर 1956 नंतर ज्यांनी धम्म स्वीकारला, ते केंद्राच्या सवलतींना मुकले. बौद्धांचा त्या यादीत समावेश होण्यास 1990 साल उजाडावे लागले. जणू दीक्षेच्या दिवशीच गाव आपली जात विसरला! गाव विसरला नव्हता. कागदाने तसे मानले होते. आपणही मौन धरले, तर हे रक्षण कशासाठी आहे, या प्रश्नास आपल्या मुलाजवळ उत्तर राहणार नाही.

म्हणून तीन गोष्टी करा. घरातील वृद्धांना विचारून आजी-पणजीचे नाव, माहेर, पाणवठा, वेठीची कामे आणि दीक्षेचे साल वहीत लिहा. शाळेचा दाखला, जमिनीचा उतारा आणि कामाचे कागद जपून ठेवा. वर्षातून एक दिवस ठरवून ती वही विहारात मोठ्याने वाचा, आणि वाचन मुलामुलींकडून करवून घ्या.

मात्र जे लिहाल ते सत्य असू द्या. न घडलेला पराक्रम लिहू नका, आणि अडचणीत हात देणारा परक्या जातीचा असला तरी त्याचे नाव गाळू नका. अशोकाने तेराव्या लेखात कलिंगयुद्धातील संहार स्वतः नोंदविला. सम्राटाला जे लपवावेसे वाटले नाही, ते आपण का लपवावे? अपमान सोसणाऱ्याला लाज वाटण्याचे कारण नाही. लाज अपमान करणाऱ्याची आहे.

सोपाऱ्याच्या स्तूपाला एक वाचणारा मिळण्यास शतके लागली. तुमच्या घरात वाचणारी मुले आज आहेत. त्यांच्या हाती वही द्या.

नमो बुद्धाय! जय भीम!