यंत्राला सांगताना

श्रोतेहो, कॉम्प्युटरला काम कसे सांगावे, याविषयी आज थोडे बोलायचे आहे. जवळ कागद-पेन्सिल असेल तर घेऊन बसा. कॉम्प्युटर नसला तरी चालेल.

आमच्या मारेगावकडे सालदाराला आपण एवढेच सांगतो, "पऱ्हाटीला खत देऊन ये." किती द्यायचे, बुडापासून किती अंतरावर, कोणत्या तासापासून सुरुवात करायची, यातले काहीच आपण बोलत नाही. मध्येच पाऊस कोसळू लागला तर तो खताचे टोपले झाकून धुऱ्यावरच्या झोपडीत येऊन बसतो. "पाऊस आला तर थांब" असे त्याला कोणी सांगितलेले नसते. म्हणजे सांगणाऱ्याचे अर्धे काम ऐकणाराच करतो. कॉम्प्युटर हे अर्धे काम करीत नाही. जेवढे सांगाल तेवढेच तो करील, आणि भर पावसातही खत टाकीत राहील. म्हणून सगळे आधीच ओळीने लिहून द्यावे लागते. या लिखाणालाच प्रोग्राम किंवा आज्ञावली म्हणतात.

आता कागद घ्या. नाशिकजवळच्या देवळालीला दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर नावाचे एक शाळामास्तर होते. जन्म १९०५ सालचा, डहाणूचा. १९३० पासून १९६२ पर्यंत त्यांनी शाळेत शिकवले. आकड्यांचा नाद असा की, लोक त्यांना थोडे हसतही असत. पुढे १९७५ मध्ये अमेरिकेतल्या 'सायंटिफिक अमेरिकन' मासिकात मार्टिन गार्डनर यांनी त्यांच्यावर लिहिले, तेव्हा जगाला त्यांचे नाव कळले. या मास्तरांनी १९४९ साली मद्रासच्या गणित परिषदेत एक गंमत मांडली होती. ती अशी: चार अंकी कोणतीही संख्या घ्या, चारही अंक सारखे मात्र नकोत. तिचे अंक उतरत्या क्रमाने मांडा, मग चढत्या क्रमाने मांडा, आणि मोठीतून लहान वजा करा. जी बाकी येईल तिचे पुन्हा तसेच करा.

आपण १९४९ हाच आकडा घेऊ. ९९४१ मधून १४९९ गेले, राहिले ८४४२. पुढे येतात ५९९४, ५३५५, १९९८, ८०८२, ८५३२ आणि सातव्या खेपेस ६१७४. आता ६१७४ चे तेच करून पाहा: ७६४१ वजा १४६७, पुन्हा ६१७४! कोणतीही संख्या घ्या, जास्तीत जास्त सात खेपांत तुम्ही येथेच येऊन पोचता. बघा, कापरेकर मास्तरांनी खडू-फळ्यावर जे केले ती आज्ञावलीच होती. तीच ओळीने लिहून कॉम्प्युटरला दिली की झाले, असे मलाही वाटले होते.

गेल्या काही वर्षांतली गोष्ट. वर्गात मी मुलांना हीच आज्ञावली लिहायला दिली. एका मुलीने ती नीट लिहिली. मी दहा-बारा आकडे घालून पाहिले, सगळीकडे ६१७४ आले. मी पैकीच्या पैकी गुण देऊन टाकले. मागच्या बाकावरून एक मुलगा म्हणाला, "सर, २१११ घालून पाहा ना." घातला. उत्तर आले शून्य. मी ठासून म्हणालो, "मशीन बिघडलं असेल, पुन्हा सुरू करा." पुन्हा सुरू केले. पुन्हा शून्य.

ती मुलगी मात्र वहीत वजाबाकी करीत बसली होती. २१११ मधून १११२ गेले, राहिले ९९९. हाताने करताना आपण त्याच्या आधी एक शून्य मनातल्या मनात धरतो: ९९९० वजा ०९९९, म्हणजे ८९९१, आणि गाडी पुढे चालते. कॉम्प्युटरला ते शून्य कोणी सांगितलेच नव्हते. त्याने ९९९ मधून ९९९ वजा केले आणि शून्य लिहून मोकळा झाला. "सर, ते शून्य मी सांगितलंच नाही," ती म्हणाली. चूक यंत्राची नव्हती. आणि खरे पाहता एकट्या तिचीही नव्हती, कारण वर्गाला रीत सांगताना ते शून्य मीसुद्धा गाळले होते.

घरी येऊन मी हिशेब मांडला. १००० ते ९९९९ या नऊ हजार संख्यांत ही चूक उघडी पाडणाऱ्या संख्या फक्त ६८! शेपाचशे आकडे तपासले तरी चूक लपून राहू शकते. दहा-बारांवर पूर्ण गुण देणाऱ्या परीक्षकाचे काय सांगावे! त्या मागच्या बाकावरच्या पोराला, जो एरवी वाकडे प्रश्न विचारतो म्हणून माझ्याकडून बोलणी खात असे, हे कसे सुचले कोण जाणे. विचारले तर म्हणाला, "जवळजवळ सारखे अंक घेतले की काय होते, ते पाहत होतो." कडेची, अडचणीची जागा त्याने शोधली होती. आजकाल यंत्रच आपल्याला आज्ञावली लिहून देऊ लागले आहे, भराभर आणि सुबक. तीतही २१११ घालून पाहणारे कोणी लागतेच.

शिक्षकबंधूंनो आणि भगिनींनो, आपण वहीतल्या चुकीवर लाल फुली मारतो आणि मूल ते पान दडवते. आज्ञावली लिहिणाऱ्याला पान दडवून भागत नाही. चूक कोणत्या ओळीत आहे हे शोधण्यातच त्याचा बराचसा दिवस जातो. त्या मुलीचे वजाबाकीचे पान मी वर्गातल्या फलकावर लावायला सांगितले, खाडाखोडीसकट. गुण मात्र कापले नाहीत. कापायचे तर आधी माझेच कापावे लागले असते.

दुसऱ्या दिवशी तिने शून्याची ओळ घातली आणि २१११ सुद्धा ६१७४ ला पोचले. मग तिला हाव सुटली. पाच अंकी संख्या घेतली तर? तिच्या आज्ञावलीत "मागचीच बाकी पुन्हा आली की थांब" अशी सूचना होती. तिने ५३९५५ घातले. पडद्यावर ५९९९४ आले, मग ५३९५५, मग ५९९९४, पुन्हा ५३९५५. लागोपाठ तीच बाकी काही येईना. घाण्याच्या बैलासारखे ते यंत्र फिरतच राहिले. या खेपेस 'मशीन बिघडलं' असे कोणी म्हणाले नाही. मीही नाही. ती म्हणाली, "सर, थांबायचं कधी, ते मी चुकीचं सांगितलं," आणि मागच्या बाकावरच्या त्या मुलाला तिने एक कोरा कागद मागितला.